उपासाच्या दिवशीची गोळी

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे, हसू नकोस. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ह्यांना उजवा हात अजून उचलता येत नाही, बोलणंही अडखळतं. देव परीक्षा बघतोय असं सगळे म्हणतात, पण चूक माझीच आहे. ह्यांचं हृदयाचं दुखणं निभावलं तर दोघंही आठवड्यातून दोन दिवस कडक उपास करू, असं मी देवाला बोलले होते. तुझ्या इस्पितळातून घरी सोडताना तू सांगितलंस, रक्त पातळ करणारी गोळी रोज रात्री जेवणानंतर. उपासाला जेवण नाही, म्हणून मी गोळीही दिली नाही. महिनाअखेर पाकिटात गोळ्या उरल्या, तेव्हा पुढचं औषध कमी आणावं लागेल म्हणून बरंच वाटलं रे. आता देवापुढे हात जोडायची लाज वाटते. इथल्या डॉक्टरांना हे अजून बोलले नाही. सांगू का?

तुझी,
ताई

दि. ९ मार्च

ती. सौ. ताईस, सा. न.

पत्र मिळताच डॉक्टरांना सगळं सांग. लाजू नकोस, त्यांना ते कळायलाच हवं.

चूक तुझी एकटीची नाही. घरी सोडताना बाहेर पेशंटची रांग होती, म्हणून मी दाराची मूठ धरूनच बोललो. समजलं ना, एवढंच विचारलं. भाऊजींनी मान डोलावली. मेहुण्यासमोर नाही समजलं असं कोण म्हणेल? तुझे उपास मला लहानपणापासून ठाऊक, तरी त्या दिवशी आठवले नाहीत.

आता वॉर्डात प्रत्येकाला म्हणतो, घरी जाऊन काय करणार ते तुमच्या शब्दांत सांगा. काल एका आजोबांनी विचारलं, डॉक्टर, तुम्हीच विसरलात की काय. सगळे हसले. मग त्यांनी सांगायला घेतलं, तर सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी. भाऊजींना तोंड दाखवायचा मात्र धीर होत नाही.

तुझा,
धाकटा

दि. १६ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांना सांगितलं. ओरडले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि समजावलं, की उपास असो नसो, गोळी चुकवायची नाही आणि ती थोडं खाऊनच घ्यायची. मग माझ्याकडून वदवून घेतलं. ह्यांच्या वाटचा उपास आता मीच करते, देवाची समजूत घातली आहे.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. डोळे मिटून पडून होते, मला वाटलं रागावले. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, की त्याला ये म्हणावं, पण आल्यावर आधी खुर्चीवर बसायचं, गोळीचं मीच त्याला सांगेन. आजारपणानंतर एवढं लांब पहिल्यांदाच बोलले. मी पदर डोळ्यांना लावला, तर त्यावर हसले.

तेव्हा ये. रक्त पातळ केलंस, माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई