बारा दिवस न उघडलेली आठ पानं

लालबाग,
१४ ऑक्टोबर २००८

प्रिय चंदूदादा,

गेले बारा दिवस तू ईमेलवर ईमेल करतोयस आणि मी तुला नवनवे उपाय सुचवतेय. अप्पांनी सांगितलेली आठ पानं मी माझ्या विंडोजवर टाइप केली. तुझ्या मॅकवर उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. फाँट पाठवला, तो तुझ्या मशीनने घेतला नाही. इंटरनेटवर फोल्डर उघडून दिला, तर आत जायची परवानगी मिळेना. पेन ड्राइव्ह पुण्याला धाडला, त्यातही तीच गिचमीड. काल तू लिहिलंस, 'नलू, राहू दे. बोलायचं असतं तर सव्वीस वर्षांत बोलले असते.' तेव्हापासून माझं टायपिंगच्या दुकानात चित्त नाही. दोनदा शटर ओढलं, दोनदा पुन्हा उघडलं.

अर्धांगवायूने अप्पांचा उजवा हात गेला, म्हणून लिहिणं माझ्याकडे आलं. फोन लावून देऊ का विचारलं, तर म्हणाले, तोंडानं नाय जमाचा गो, तू टाइप कर. रोज मी घरात शिरले की एकच प्रश्न, "चंदून वाचल्यान?" मी म्हणते, दोन कॉम्प्युटर जुळत नाहीत. ते मान हलवतात. आयुष्य गिरणीच्या साळखात्यात, कापड विणणाऱ्या मागांशी झटण्यात गेलं. यंत्र अडलं म्हटलं की त्यांना लगेच पटतं. तेच मला सहन होत नाही.

गिरणी संपाचा सहावा महिना आठवतो? आई अंथरुणाला खिळलेली, औषध संपलेलं. तू पहाटे मागच्या गल्लीतून पोलिसांच्या गाडीने गिरणीत कामावर जायला लागलास. अप्पा खात्यातले संपाचे पुढारी. त्यांनी चाळीसमोर तुझी ट्रंक बाहेर ठेवली. आई गेली तेव्हाही तू स्मशानातूनच परत फिरलास.

दादा, मशीनचं काही बिघडलेलं नाही. गणपती मंडळांचे अहवाल मी दर वर्षी याच जुन्या फाँटात जुळवते आणि दादरच्या छापखान्यात देते. तिथेही सगळे मॅकच. पहिल्या वर्षी अख्ख्या आरतीचे कंस झाले होते. तेव्हापासून पीडीएफ करून पाठवते. दोन मिनिटं लागतात. तुझ्यासाठी मी ती दोन मिनिटं काढली नाहीत.

सहाव्या पानावर अप्पा म्हणतात, तू आईसाठी गेलास हे त्यांना त्याच दिवशी ठाऊक होतं, पण लोकांसमोर माघार घेता आली नाही. चंदूने एकदा यावं. त्याखालच्या ओळीत, तू कामावर जातोस ही खबर त्यांना कोणी दिली, तेही आहे. तिथे माझी बोटं थांबली. अप्पा म्हणाले, "ता पण लिही."

ती मीच. अठरा वर्षांची होते. बाहेरून कळण्याआधी घरातून कळलं, तर अप्पा घरातल्या घरात मिटवतील असं वाटलं होतं. त्यांनी काय केलं ते तू पाहिलंस, आणि मी दाराआड गप्प राहिले. एवढी वर्षं या घरातल्या कुणाशी तू बोललास तर फक्त माझ्याशी. ते जाईल या भीतीने बारा दिवस अप्पांचं बोलावणं मी अडवून धरलं. आठही पानं छापून सोबत ठेवली आहेत. डॉक्टर दिवाळीपर्यंतचंही नक्की सांगत नाहीत. माझं तोंड बघायचं नसेल तर दुपारी ये. दुपारभर मी दुकानात असते, आणि अप्पा जागे असतात.

तुझीच,
नलू