एकही शब्द न बदलता छापावे

मी, बर्निस ॲन मातुशाक, वय अठ्ठ्याहत्तर, विधवा, राहणार ४१२ फर्नेस स्ट्रीट, टॅनर्सफोर्ड, ओहायो, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझे स्वादुपिंड गेले आहे. डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे, कारण ‘म्हातारीला शेवटी भ्रम झाला होता’ असे माझ्यामागे कोण कोण म्हणेल त्यांची नावे मला आजच ठाऊक आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. यापूर्वी केलेले माझे एकमेव मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी लोकांना फारच माफ केले होते.

कलम १. माझी एकुलती एक मुलगी रोझमेरी ही या मृत्युपत्राची व्यवस्थापक राहील. वकील डेलबर्ट अपशॉ तिला मदत करतील. डेलबर्ट भित्रे आहेत, पण एकदा फी घेतली की काम करतात.

कलम २. राहते घर रोझमेरीला. विकायचे तर तिने खुशाल विकावे, मात्र कोलंबस शहरातल्या त्या कंपनीला विकू नये, जिने आमच्या रस्त्यावरची अकरा घरे पडत्या भावात घेऊन त्याच माणसांना भाड्याने दिली आहेत. शेजारच्या मिसेस डुबियेल आज स्वतःच्याच स्वयंपाकघरात भाडेकरू आहेत. मागच्या अंगणातली टोमॅटोची रोपे आणि कुदळ त्यांना द्यावी.

कलम ३. बँकेत जे थोडेफार उरेल ते गावाच्या वाचनालयाला, परगावाहून निघणारी तीन वर्तमानपत्रे घेण्यासाठी. टॅनर्सफोर्डमध्ये काच कारखाना क्रेनशॉंचा, ‘कुरियर’ हे वर्तमानपत्र क्रेनशॉंचे, रेडिओ केंद्रही क्रेनशॉंचेच. तिन्हीकडून एकच गोष्ट कानी पडते: वरच्यांचे कर कमी करा, म्हणजे पैसा झिरपत खाली येईल. मी चाळीस वर्षे खाली भांडे धरून उभी आहे. भांड्याला गंज चढला.

कलम ४. माझा टीव्ही माझा धाकटा भाऊ लेनर्ड याला देऊ नये. त्याच्याकडे तीन आहेत. तिन्हींवर एकच वाहिनी असते, आणि तिच्यावर टाय बांधलेला एक माणूस दिवसभर ओरडून सांगतो की तुझी नोकरी सीमेपलीकडून आलेल्या बाईने पळवली. नोकरी कारखान्याच्या मालकाने, थॅड क्रेनशॉने घालवली, लेनर्ड. त्याने भट्ट्या विझवून तिथे गोदाम काढले, आणि त्याच वर्षी तू त्याच्या पक्षाची पाटी अंगणात रोवलीस.

ईस्टरच्या जेवणाला तो मला म्हणाला, “बर्नी, तुम्हा डेमोक्रॅट लोकांना श्रीमंतांचा मत्सर वाटतो, दुसरं काही नाही.”

“आणि तुला काय वाटतं रे?”

“मला वाटतं, उद्या मीही होईन.”

“एकाहत्तर पूर्ण झाली, लेनी. जरा घाई कर.”

तो चिडला. चिडला की तो नेहमी एकाच ठिकाणी बोट ठेवतो. “तुझा राग कशाचा ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण अँडी प्यायलेला होता ना गं! पेपरात छापून आलं होतं.”

अँडी म्हणजे माझा नवरा. मी लेनर्डच्या पुढ्यातली पिएरोगीची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, थाळी उचलली आणि सगळी कुत्र्याला घातली. माझे लाटणे आणि परात लेनर्डला द्यावी. यापुढे त्याने स्वतः लाटून खावे.

कलम ५. थॅड क्रेनशॉ, वय पंच्याऐंशी, यांना माझ्या फडताळातला हॅमचा, म्हणजे डुकराच्या मांसाचा, पत्र्याचा डबा. नाताळला बोनस मागितला की आम्हाला हॅमचा डबा मिळायचा. हा १९९१ सालचा आहे, फुगला आहे, आणि मी तो त्यांच्यासाठीच जपला. त्यांचा मुलगा ग्रँट क्रेनशॉ राज्याच्या सेनेटच्या निवडणुकीला उभा आहे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहिल्याचे भाषण गावोगाव देतो. त्याला अँडीचे पोलादी टोकाचे बूट द्यावेत. एक दिवस, आठ तास, भट्टीसमोर घालून बघावेत.

कलम ६. हे मुख्य कलम आहे. डेलबर्टनी हे दोनदा वाचावे.

११ मार्च १९८६ रोजी भर दुपारी कारखान्याची तीन नंबरची भट्टी फुटली. तीन माणसे मेली: माझा अँडी, व्हिक्टर झेलिन्स्की आणि ओटिस पेरिमन. ओटिस तेवीस वर्षांचा होता. भट्टीच्या विटा झिजून पातळ झाल्या आहेत, भट्टी थंड करा, असे अँडीने कचेरीला तीन वेळा लिहून दिले होते. तिन्ही अर्जांच्या नकला, ‘मिळाले’ या शिक्क्यासह, माझ्याकडे आहेत. ‘कुरियर’ने छापले की भट्टीवरचा माणूस दारूच्या नशेत होता. अँडीने पोटातल्या व्रणामुळे नऊ वर्षे बिअरसुद्धा तोंडाला लावली नव्हती. पण छापलेल्या गोष्टीला कोण हलवणार? चौकशी तिथेच मिटली, तिन्ही घरांना भरपाई मिळाली नाही. ओटिसच्या आईने मरेपर्यंत मला ओळख दिली नाही. तिच्या लेखी माझ्या दारुड्या नवऱ्याने तिचा मुलगा जाळला होता, आणि तिला खरे सांगायला मला तोंड नव्हते.

मी ‘कुरियर’मध्ये निधनवार्तांच्या टेबलावर एकतीस वर्षे काढली. निधनवार्तेला ओळीमागे पैसे पडतात, म्हणून गरीब माणूस चार ओळींत मरतो. अँडी चार ओळींत मेला. त्याच महिन्यात क्रेनशॉंचा शिकारी कुत्रा गेला. त्याला अठरा ओळी, फोटोसह, फुकट.

२००६ साली मी निवृत्त झाले तोवर आमचा निवृत्तिवेतनाचा फंड दिवाळे काढून बुडवला होता. निरोपाच्या जेवणात थॅड क्रेनशॉंनी मला एक चौकट दिली. आत सही-शिक्क्याचा कागद.

“बर्निस, आजवर तुम्ही दुसऱ्यांच्या निधनवार्ता लिहिल्यात. तुमची आम्ही फुकट छापणार! हवी तेवढी लांब लिहा.”

सगळे हसले. मी विचारले, “आणि कुणी त्यात काटछाट केली तर?”

“छे हो! एका शब्दाला हात लागणार नाही. माझ्यामागून येणाऱ्यांवरही बंधनकारक आहे, वकिलाकडूनच लिहून घेतलंय.”

त्यांना वाटले, म्हातारी विणकामाची आवड आणि चर्चचे गाणे असे काही पाच-सहा ओळींत लिहील. माझी निधनवार्ता दोन पूर्ण पाने भरते. तीत अँडीचे तिन्ही अर्ज जसेच्या तसे आहेत. खाली ‘यांना ठाऊक होते’ अशी यादी आहे: मालक, कारखान्याचा व्यवस्थापक, नशेचा दाखला देणारा कंपनीचा डॉक्टर, तपासाला आलेला शेरीफचा माणूस, आणि ‘कुरियर’चे संपादक वॉल्टर हिगबी.

ही वार्ता रविवार, ६ नोव्हेंबर रोजी छापून घ्यावी. मतदान मंगळवारी आहे. मी त्याआधी गेले तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगावे, दफन करावे, वर्तमानपत्राला मात्र कळवू नये. त्या रविवारी मी अजून जिवंत असले तर मी गेल्यावर छापावी; ग्रँट तोवर निवडून आलेला असेल. उंचावरून पडलेले जास्त लागते.

डेलबर्ट घाबरले. “बर्निस, ते खटला भरतील हो!”

“कुणावर?”

“तुमच्यावर.”

“मेलेल्या बाईवर?”

“मग पेपरवर भरतील.”

“पेपर कुणाचा आहे, डेलबर्ट?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि फी सांगितली.

मला सूड हवा आहे. ‘न्याय’ हा शब्द डेलबर्टनी मसुद्यात घातला होता, तो मी खोडला. न्याय मागायचे वय माझे बेचाळीस होते.

कलम ७. यादीत पाच नावे आहेत. सहावे आज घालते आहे.

१३ मार्च १९८६. अँडी अजून मातीत गेला नव्हता. हिगबींनी एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. बातम्या टाइप करणारी मुलगी रजेवर आहे म्हणाले. ती पलीकडच्या खोलीत कॉफी पीत होती.

“मिसेस मातुशाक, एवढं टाइप करून द्या.”

मी वाचले. अँडीच्या नशेची ती बातमी. “हे मी करू?”

“नाही केलंत तरी चालेल. मग उद्यापासून येऊ नका.”

रोझमेरी नऊ वर्षांची होती. तिला रोज इन्सुलिन लागायचे, आणि आमचा आरोग्यविमा माझ्या नोकरीला बांधलेला होता. मी टाइप केले. अकरा मिनिटे लागली. कागदावर अपघाताची तारीख चुकली होती, तीही मी दुरुस्त केली.

रोझी, हे तुला आज पहिल्यांदा कळते आहे. तुला वाटेल, आईने हे माझ्या औषधासाठी केले, तेवढी एक ओळ खाली घालावी. तू ती घालणार नाहीस. ते खरे आहे, तरीही नाही. त्या डॉक्टरच्या घरी आजारी बायको होती, शेरीफच्या माणसाला चार मुले होती, हिगबींचे घर गहाण होते. मी त्यांची कारणे छापलेली नाहीत. माझेही छापायचे नाही. माझे नाव त्याच अक्षरांत, त्याच यादीत यावे: बर्निस ॲन मातुशाक, बातमी टाइप करणारी, मृताची पत्नी.

वर लिहिलेले सर्व माझे आहे आणि ते मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

सही: बर्निस ॲन मातुशाक
स्थळ: टॅनर्सफोर्ड, ओहायो
दिनांक: ९ ऑगस्ट २०२२

साक्षीदार (क्रेनशॉंच्या पगारावर नसलेली दोन माणसे शोधायला नऊ दिवस लागले):

१. इरविन टोथ, बोलिंगच्या क्लबातला मेकॅनिक. बाईंनी माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीत होत्या.

२. लोरेन पेरिमन, ओटिसची बहीण. कलम सातसकट सगळे वाचले. मग सही केली.