बाल्कनीतला वेगळा तवा

निहार,

टिक्क्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात आहेत. मटणखिम्याच्यात पुदिना घातलाय, चिकनच्यात मिरी. मंद आचेवर तळ, उलथन्याने दाबू नकोस, रस निघून जातो. बन लोण्यावर भाजून घे. कांदा-टोमॅटोच्या चकत्या आणि चीज डब्यात आहे.

काल आईंना बाल्कनीतला वेगळा तवा सापडला. "हा कशाला रे?" त्यांनी विचारलं, आणि तू पेपरातून मान वर न करता म्हणालास, "मटण तळायचं स्वानंदीचं खूळ, दुसरं काय!" मी दाराशीच उभी होते रे. अमेरिकेहून आल्यावर बर्गरसाठी कुणाचा जीव तळमळत होता? नाकाला ओढणी लावून मी रसेल मार्केटातून खिमा आणला. माहेरी ज्याला कधी शिवले नाही, ते तुझ्यासाठी या हातांनी मळलं. चव अजून घेतलेली नाही. रात्री आईंनी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि तू शेजारी बसून पोटभर जेवलास.

मी बनशंकरीला मावशीकडे आहे. आई देवळातून आल्या, की टिक्क्या त्यांच्यासमोर तळ आणि त्यांच्यासमोरच खा. मग फोन कर. त्याआधी नको.

स्वानंदी