धुरी देणाऱ्याचं नाक

प्रिय दादा,

रागाच्या भरात लिहायला बसले आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन आला की बाबा तो स्पीकरवर टाकतात, आई मध्येच नातवंडांच्या परीक्षांचं विचारते आणि शेवटी तू म्हणतोस, सगळं बरं आहे ना? आम्ही तिघंही एका सुरात हो म्हणतो. तर नाहीये बरं.

आईला पित्त झालं होतं असं तुला कळलं. डॉक्टरांनाही तेच वाटलं. सकाळी उठली की डोकं जड, मळमळ, दोन पायऱ्या चढली की धाप. दुपारी अंगणात बसली की पुन्हा ठीक. मी कामावरून येताना गोळ्या आणून देत होते, पण तिच्या खोलीत डोकवायला मला सवड झाली नव्हती. त्या संध्याकाळी तिची शाल आणायला म्हणून आत गेले आणि दारातच थबकले. सडक्या लसणासारखा वास! लहानपणी बाबा गोदामातल्या पोत्यांना किडे मारायच्या गॅसची धुरी देऊन आले की त्यांच्या शर्टाला यायचा तोच, पण त्याच्या कितीतरी पट उग्र. धान्याच्या दोन्ही पिंपांची झाकणं नुसती टेकवलेली, आणि पिंपांना लागूनच आईची कॉट. बाबा ओसरीवर झोपतात म्हणून ते बचावले.

झालं होतं असं. आईने वर्षाचं धान्य भरलं आणि महिन्या-दीड महिन्यात भिंतीवर सोंडकिडे चढायला लागले. बाबांनीच नाही का आपल्याला शिकवलं होतं? मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून टाकते. अळी आतल्या आत दाणा पोखरत राहते, बाहेरून दाणा ठणठणीत. किडा बाहेर पडतो तेव्हाच आपल्याला पत्ता लागतो. आई वैतागून म्हणाली, अहो, जन्मभर लोकांच्या पोत्यांना धुरी दिलीत, घरच्या दोन पिंपांचं बघा की. निवृत्त झाल्यापासून या घरात बाबांना कुणी काही काम सांगितलं नव्हतं रे. ते हुरळले. जुन्या जोडीदाराकडून गोळ्यांची डबी आणली. हवेतल्या दमटपणाने त्या गोळ्यांचा गॅस होतो, त्यावर उतारा नाही, राहत्या घरात त्या उघडायच्यासुद्धा नसतात, हे त्यांनी किती जणांना बजावलं असेल! आणि स्वतः मात्र एकेक गोळी टाकत राहिले. दिवसाआड बघायचे, किडे मेले नाहीत की आणखी एक. आईला वास यायचा, पण ती म्हणे औषधाला वास यायचाच.

मी आईला ओढतच बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या आणि बाबांवर ओरडले. शेजारी गच्चीत आले इतकी ओरडले. बाबा त्या खोलीच्या मधोमध उभे. म्हणाले, "अगं, कुठे येतोय वास? मी इथे उभा आहे की." दादा, मला वाटलं हट्ट करतायत. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते. हात धरून त्यांनाही बाहेर आणलं, तेव्हा कुठे ओट्यावर बसून हळूच म्हणाले, "त्या मोठ्या तापानंतर नाक गेलं ते. परत आलंच नाही."

म्हणजे निवृत्तीच्या आधीपासून! गोदामात सगळे त्यांना 'नाकवाले' म्हणायचे ते आठवतं ना? साहेबांनी गॅस मोजायचं यंत्र आणून दिलं तर ते खोक्यातच राहिलं. माझं नाक असताना हे डबडं कशाला, म्हणायचे. वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं कधीच धरायचं नसतं, हे मी धान्य तपासणीच्या नोकरीला लागल्यापासून त्यांच्या कानीकपाळी ओरडते आहे. ऐकतंय कोण!

आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. आता घरी आहे, पण जिना चढवत नाही. कमाल म्हणजे ती माझ्यावरच रुसली आहे. चार लोकांत त्यांना एवढं बोलायची काय गरज होती, म्हणते. अगं, तुझा जीव जात होता, म्हटलं, तर म्हणे गेला नाही ना? या दोघांपुढे डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. गोदामाची माणसं मुखवटे लावून आली आणि पिंपं घेऊन गेली. नवीन धान्य मी चाळून, उन्हात तापवून हवाबंद डब्यांत भरलं. डबा उघडला नाही की आतले किडे हवेवाचून मरतात, इतकं साधं आहे. तर बाबा दिवसातून तीनदा झाकण उघडून बघतात, मेले का म्हणून! मी काढून घेतले डबे. आता माझ्याशी बोलत नाहीत.

नाकाचं कुणाला सांगणार नाही, दादाला तर नाहीच, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. मी ते पाळणारही होते. पण काल तुझ्या कंपनीचा माणूस पुढच्या पंधरवड्याचं तिकीट देऊन गेला. नव्या गोदामात धुरीच्या कामावर देखरेख करायला आणि पोरांना तयार करायला तू बाबांना बोलावलं आहेस, हे मला त्या माणसाकडून कळलं. तू प्रेमाने केलंस, ठाऊक आहे मला. बाबा कालपासून दाढी करून बसले आहेत. बॅग भरली, नवे बूट घालून घरभर फिरून झालं. मी जाऊ नका म्हटलं तर म्हणाले, "तिकडे वास घ्यायला दुसरी पोरं असतीलच की." ती पोरं काय करतील सांगू? नाकवाले आत गेले म्हणून त्यांच्यामागून आत जातील. तेव्हा हे पत्र मिळाल्या मिळाल्या त्यांना फोन कर आणि ती जागा भरली म्हणून सांग. माझं नाव घेऊ नकोस. शिव्या खाशील, खा. इथे मी एकटीने पुष्कळ खाल्ल्या आहेत.

अजून चिडलेली, तरी तुझीच,
धाकटी