तेराव्याच्या प्लेटा

उमरठजवळची वाडी, ता. पोलादपूर
२१ जानेवारी २०२५

ती. वन्संना मैनाचा सा. न. वि. वि.

त्या सकाळी चुलीतली राख भरून झाली होती, शेरडांना पाला टाकला होता आणि मी तुमच्या भावाच्या डब्यात दोन भाकऱ्या बांधत होते. ते दारात चपला घालत होते. म्हणाले, दही दे गो थोडं. मी म्हटलं, अजून लागलं नाय, संध्याकाळी खा, बस चुकेल. माझी पाठ त्यांच्याकडे होती. एमआयडीसीच्या त्या बसमध्येच त्यांच्या छातीत कळ आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. दह्याचं मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आज लिहावं लागतंय.

अंगणवाडीच्या उज्वलाताईंनी मोबाइलवर दाखवलं, की कागदी प्लेटांचे प्राणी करता येतात. त्या सेविका, मी मदतनीस, पण कात्री माझी बरी चालते म्हणून काम माझ्याकडे आलं. प्लेटा कुठून आणायच्या? आमच्या माळ्यावर तेराव्याच्या उरलेल्या शंभरावर पडून होत्या. त्यांत जेवायला कोणाचं मन होईना, फेकायला माझं होईना. कोऱ्याच तर होत्या. मी दोन गठ्ठे नेले.

प्लेट अर्धी दुमडली की कासव होतं, वर दोन कान डकवले की ससा. खराट्याच्या हिरांच्या मिशा केल्या. डोळ्यांना माझ्या टिकल्या लावल्या, पाकीट तसंच पडलं होतं. जानूच्या पोरानं हत्तीला पुढंही सोंड लावली आणि मागंही. हा कुठल्या बाजूला चालतो, असं विचारलं तर म्हणाला, ज्याला जशी घाई. खूप दिवसांनी मी मोठ्यानं हसले.

आपल्या वाडीतल्या आवडीची नात प्रियदर्शिनी चार वर्षांची. तिनं वाघ केला, तोंडाला बांधला, माझ्या पाठीमागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, दही दे गो. मी कात्री टाकून बाहेर पळाले. दोन दिवसांनी पोरीला ताप भरला.

आवडीनं येऊन विचारलं, प्लेटा कुठल्या. मी म्हटलं, वन्संनी महाडहून पाठवल्या. ती आली तशी गेली. पण दिवाळीत चाळण न्यायला आली तेव्हा तिनं माळ्यावरचे गठ्ठे पाहिले होते, हे मला ती गेल्यावर आठवलं. दुसऱ्या दिवशी बारा पोरांतली चारच आली. आता कोणीच येत नाही. मैनानं मयताच्या प्लेटा पोरांच्या तोंडाला बांधल्या, असं वाडीत बोलतात. मी मात्र रोज जाऊन अंगणवाडी उघडते आणि झाडते. भिंतीवर अकरा तोंडं आहेत, माझ्याच टिकल्यांनी माझ्याकडे बघत असतात. काम गेलं तर दुसरं बघेन, पण पोरांचा आवाज गेला तर मी दिवसभर करू काय?

आवडीची सून औषधाला महाडला येते. ती तुमच्याकडे आलीच, तर प्लेटा याच महिन्यात जलीलभाईंच्या दुकानातून तुम्ही घेतल्या, एवढं सांगाल का?

आजवर पाठीशी राहिलात, तशाच राहा.
तुमची मैना


महाड
२६ जानेवारी २०२५

चि. मैनेस बयाबाईचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. फोनवर रडू येतं, कागदावर येत नाही, असं तू मागं लिहिलं होतंस, म्हणून फोन केला नाही. पुड्यांचे कागद वाचून शिकलीस, पण अक्षर आता माझ्याहून चांगलं झालंय. खोटं बोलायला मात्र अजून शिकली नाहीस. पहिल्याच खेपेला नणंदेला गुंतवलंस.

दह्याचं म्हणशील, तर अख्ख्या तालुक्यात दही न मागणारं पोर मला दाखव. आणि माझा भागू कोणाच्या लेकराला ताप देईल? कोंबडीची पिल्लं टोपलीखाली झाकताना त्यांची समजूत काढत बसायचा तो!

हे मी चारचौघांत म्हणेन. पण दुपारी घरात एकटी असले की मला पंगत दिसते. तीनशे प्लेटा मीच सांगितल्या होत्या. भागूची माणसं पुष्कळ, कमी पडायला नकोत, असं वाटलं. तेराव्याला पाऊस कोसळला, वरंध घाट बंद झाला, भोरकडचे तिकडेच अडकले. वाडीतलेही पुष्कळ आले नाहीत. मांडवात प्लेटा मांडून, उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर मी खडा ठेवला होता. मग एकेक खडा काढून प्लेटा परत उचलल्या. तू आत होतीस, तुला दिसलं नाही. त्या उरलेल्या नाहीत गो, न आलेल्या माणसांच्या आहेत.

म्हणून सांगते, मी खोटं बोलणार नाही, आणि तूही आता काही उकरू नकोस. ती तोंडं जाळून टाक. नव्या प्लेटा एसटीनं पाठवते. पोरं आज ना उद्या विसरतील.

जेवत जा. माया आहे, ती कळत असेलच.
बयाबाई


उमरठजवळची वाडी
३१ जानेवारी २०२५

ती. वन्संना मैनाचा सा. न. वि. वि.

तुमचं ऐकून चुलीपाशी बसले होते. पहिला हाताला आला तो ससा. त्याच्या कानावर कोणाचं तरी इवलं बोट रंगात उमटलेलं होतं. मला नाही टाकता आला. रागावू नका.

आज सकाळी आवडीकडे गेले. प्रियदर्शिनीचा ताप उतरलाय, अंगणात खेळत होती. मी उभ्यानंच सांगितलं, की प्लेटा वन्संच्या नाहीत, आमच्या घरच्या तेराव्याच्या आहेत, मी खोटं बोलले. वाटलं, शिव्या देईल. ती तांदूळ पाखडत राहिली. मग म्हणाली, मला ठाव हाय गो. त्या दिवशी मी जेवायला आले नाय. गुडघा दुखतो म्हणून सांगून धाडलं. गुडघा नव्हता दुखत, पावसात निघायचं जीवावर आलं. तो गठ्ठा बघितल्यापासून मला सारखं वाटतंय, त्यातली एक माझी हाय. भागोजी पान मांडून बसलाय आणि मी गेले नाय, म्हणून तो पोरीकडं आला.

वन्सं, सगळी वाडी मला भीत होती, असं मी धरून चालले होते. आवडी मला भीत नव्हती.

मी तिला दह्याचं सांगितलं. ती रडली, मीही रडले. मग डोळे पुसून तिनं विचारलं, पोरीनं मागितलं तर दिलंस का दही? कुठलं देणार, मी तर कात्री टाकून बाहेर पळाले होते. मग म्हणाली, मयताला कशाला बोल लावायचा, जित्या पोरीला तूच उपाशी ठेवलीस.

भीती गेली असं नाही. पाठमोरी काम करत असले की अजून दारात चपला वाजतात. आज मी वळून बघितलं.

प्रियदर्शिनीला कधी धाडतेस, असं निघताना विचारलं. आवडी म्हणाली, आधी माझं जेवण राह्यलंय, ते होऊ दे. तिची नात येते का, याकडे बाकीच्यांची नजर आहे. ती आली तर सगळी येतील.

तुमच्या मायेवरच चाललंय, ती कमी करू नका.
तुमची मैना

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी भात आणि वालाची आमटी केली, माळ्यावरून एक कोरी प्लेट काढली, आवडीला माझ्या ओटीवर बसवलं आणि वाढलं.