सलग किती वेळ एकटी राहिली

४ फेब्रुवारी

कडी काढली!

सकाळी सुतार आला, बाथरूमच्या दाराची आतली कडी चार स्क्रू फिरवून काढली आणि माझ्याच हातात ठेवून गेला. कारण काय, तर काल मी साबणावरून घसरले. पडले म्हणजे काय, खाली बसले. आणि माझी मी उठले. पण घड्याळबाईने तिच्या कामाच्या वहीत लिहिलं — 'बाथरूममध्ये पडली. दार आतून बंद होतं.' झालं! सुपरवायझर मॅडमनी वाचलं, दादाला फोन केला, दादा म्हणाला कडी काढून टाका.

चोवीस वर्षांची आहे मी. दादाच्या घरी अकरा वर्षं वहिनीने मला अंघोळ घातली, दार सताड उघडं ठेवून, मधेच स्वयंपाकघरात काय उतू जातंय ते ओरडून विचारत. या खोलीत आले तेव्हा सगळ्यात आधी ती कडी लावून बघितली होती. तीनदा.

घड्याळबाईला मी सोडणार नाही. हे इथे लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी

काल रागाच्या भरात लिहिलं. आज नीट लिहिते, कारण ही वही पुढे कामाला येणार आहे.

माझा डावा हात आणि डावा पाय जन्मापासून माझं ऐकत नाहीत. शिवाय फिट यायची, ती दोन वर्षांत आलेली नाही. आमच्यासारख्यांना स्वतंत्र राहायला शिकवणारी ही संस्था. सहा महिने ही खोली मिळते, मदतीला बायका येतात. आठ ते बारा घड्याळबाई. बाराला दुपारची, ती कानात वायर घालून फोनवर बोलतच आत येते, आधीची आहे की गेली याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही. रात्री एक जण बाहेरच्या खोलीत झोपते. मे महिन्यात मीटिंग होईल. पास झाले तर खोली कायमची माझी, सकाळी फक्त एक तास मदत. नापास झाले तर परत दादाकडे, मागच्या खोलीत.

पास व्हायचं म्हणजे एक फॉर्म आहे. त्यात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न — 'सलग किती वेळ एकटी राहिली?' निदान दोन तास लागतात. आता गंमत बघा. दादाने पहिल्याच दिवशी सही करून दिली आहे की हिला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही! मॅडमना मी विचारलं, मग हा रकाना भरायचा कसा? त्या म्हणाल्या, बघू या, काहीतरी मार्ग निघेल. गेले तीन महिने मार्ग निघतोय.

आणि या सगळ्यात मला मिळाली घड्याळबाई. पन्नाशीची, मनगटावर पुरुषी घड्याळ, दर दोन मिनिटांनी त्यात डोकावणार. हसणं तर तिला डॉक्टरांनीच बंद केलं असावं.

९ फेब्रुवारी

माझ्या कामांचा तक्ता घड्याळबाई रोज भरते, त्यात तीन रकाने असतात. 'स्वतः', 'सांगितल्यावर', 'हात लावून'. आज कुर्त्याची चार बटणं. तीन मी लावली! चौथ्याला माझं बोट अडलं आणि ही पुढे आली, खटकन लावून मोकळी. आणि खूण कुठे, तर 'हात लावून'.

मी म्हटलं, चारपैकी तीन माझी आहेत. तर म्हणाली, "एकाला माझा हात लागला ना? मग लागला. मी खोटं लिहीत नाही."

सत्यवादीबाई! दातओठ खात चहा प्यायले. कप मात्र स्वतः धुतला. त्याची खूण 'स्वतः'मध्ये केली तिने, उपकार केल्यासारखी.

१६ फेब्रुवारी

सापडली! सापडली!!

आज ती बाराला दहा कमी असताना गेली. पिशवी उचलली, दार ओढून घेतलं, गेली. मी लंगडत तिच्या वहीपाशी जाऊन पाहिलं — 'बारा वाजता बाहेर पडले.' शाईसुद्धा वाळली नव्हती.

खोटं न लिहिणारी! आता बघच तू.

१७ फेब्रुवारी

आज पुन्हा. अकरा पन्नास.

२ मार्च

रोज जाते. आणि भीड चेपत चालली आहे. आधी दहा मिनिटं, मग पंधरा, आता अकरा पस्तीसला पिशवी खांद्याला. मी रोज इथे तारीख, वेळ, तिने वहीत काय लिहिलं ते सगळं उतरवून घेते. कोर्टातल्या कारकुनासारखी.

आधी वाटलं मॅडमना आजच सांगावं. पण मग काय होईल, तिला समज देतील, ती माफी मागेल, पुन्हा तेच. नाही. मीटिंगमध्ये सांगायचं, सगळ्यांसमोर, दादाच्या देखत. माझी कडी सगळ्यांना विचारून काढली ना? मग हिचंही सगळ्यांसमोर निघू दे.

जाताना म्हणते काय, "शेगडीजवळ जायचं तर चप्पल घालून जा." पळून जातेय आणि वर उपदेश!

११ मार्च

आज अकरालाच गेली. एक तास! लाज नावाची चीज नाही.

दूध तापवत होते. पातेलं कलंडलं, मोठा आवाज झाला, दूध ओट्यावरून खाली. थोडं पायावर. मी तिथेच उभी राहिले. आता फिट येणार, आता येणार, असं वाटत राहिलं. आली नाही. शेगडी बंद केली, पाय बादलीत बुडवला, मग फडकं. फरशी पुसायला खाली बसावं लागलं आणि उठायला ओट्याची कड धरावी लागली. दुपारची आली तेव्हा फरशी कोरडी होती. तिला काही कळलं नाही.

राग आला का? आला. काही झालं असतं म्हणजे? आणि खरं सांगायचं तर — या वहीत तरी खरं सांगते — रागाच्या खाली कुठेतरी बरं वाटत होतं. पण ते तिच्यामुळे नाही. तिच्यामुळे अजिबात नाही.

१२ मार्च

सकाळी आली आणि आल्या आल्या माझ्या पायाकडे बघितलं. मलम लावलं. काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज सव्वाअकराला गेली, एवढंच.

२२ मार्च

रविवार. दादा आणि वहिनी आले. दादाने मागच्या खोलीला रंग दिला आहे, फोटो दाखवला. नवी गादी, खिडकीला पडदा. दाराला कडी नाही, आत नाही आणि बाहेरही नाही, हे त्याने कौतुकाने सांगितलं, म्हणजे कधीही आत येता येईल.

दादा वाईट नाही. तेच तर अवघड आहे. वाईट असता तर केव्हाच भांडून मोकळी झाले असते. लहानपणी मला फिट यायची तेव्हा माझं डोकं आपटू नये म्हणून तो स्वतःचा हात खाली घालायचा. त्याच्या कोपरावर अजून खूण आहे. त्याच्या दृष्टीने मी अजून तिथेच पडलेली आहे.

निघताना म्हणाला, "आमच्याकडे तुला काय कमी आहे गं?"

मी फोटोतला पडदा छान आहे म्हटलं. काय कमी आहे ते सांगायला घेतलं असतं तर वहिनी रडली असती.

८ एप्रिल

आजही दहा वाजता गेली, दोन आठवडे हेच. दोन तास! हा आता रोजचा पायंडाच पडला. आठला येते, तक्त्यातली कामं उरकते आणि दहाला दार ओढून घेते. संस्थेला फसवते, दादाला फसवते, मला तर हिशेबातच धरत नाही.

आणि मी दोन तास काय करते? तर सगळंच. बटणं चार मिनिटांत होतात आता. भाजी चिरते, सुरी उजव्या हातात, डाव्या कोपराने पाट दाबून. काल एक कुरिअरवाला आला, सही केली, त्याला पाणी विचारलं. मोठमोठ्याने बेसूर गाणी म्हणते. अंघोळ तर मुद्दाम ती गेल्यावर करते. कडी नाही, पण घरात कुणीही नाही, म्हणजे कडी लावल्यासारखंच.

हे सगळं मी तक्त्यात लिहू शकत नाही. लिहिलं तर ती गेल्याचं आधीच फुटेल. तेव्हा तक्ता म्हणतो 'हात लावून' आणि मी इथे जीभ चावून बसते. त्याचंही उट्टं काढायचं आहे.

१९ एप्रिल

आज मला विचारलं, "एकटं वाटतं का?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?"

"बरं," म्हणाली, आणि घड्याळात बघितलं.

२ मे

उद्या मीटिंग. सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. अकरा पानं. एक्कावन्न दिवस. प्रत्येक दिवसाची खरी वेळ आणि तिने लिहिलेली वेळ. आरशासमोर दोनदा वाचून पाहिलं. दुसऱ्यांदा आवाज कापला नाही.

३ मे

वाचलं. सगळं वाचलं!

टेबलाला मॅडम, दादा, मी, आणि कोपऱ्यात घड्याळबाई. मॅडम तक्ते चाळत होत्या, दादा म्हणत होता की बघा, बहुतेक ठिकाणी हात लावावाच लागतोय, तेव्हा आम्ही हिला घरी नेतो. तेव्हा मी पानं बाहेर काढली. पहिल्या तीन पानांतच दादाचा चेहरा लाल झाला. सातव्या पानाला तो उठून उभा राहिला. मी थांबले नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मग घड्याळबाईकडे बघितलं. या क्षणासाठी तीन महिने थांबले होते मी.

मॅडमनी तिला विचारलं, हे खरं आहे का?

"खरं आहे."

लवकर निघून कुठे जात होतात?

"घरी."

दादा म्हणाला, म्हणजे माझी बहीण दोन-दोन तास आत एकटी होती?

तिने दादाकडे नाही, मॅडमकडे बघितलं. "एकटीच होती. जवळपास कुणी नव्हतं. मी खोटं सांगत नाही."

मॅडमनी तक्ते बाजूला सारले. मग त्यांनी माझी पानं ओढून घेतली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. आणि मग, इथे मला उशिरा कळलं, सगळ्यात उशिरा मलाच कळलं — त्यांनी फॉर्म समोर घेतला आणि त्या रकान्यात लिहिलं. 'दोन तास. सलग. सव्वीस दिवस.' मला विचारलं, त्या वेळात काय काय केलंस? मी सांगत गेले. दूध, पाय, भाजी, कुरिअरवाला. दादा म्हणाला, काही झालं असतं तर? मॅडम म्हणाल्या, झालं नाही ना. सही तुमची होती, पण एकटी राहिली ती.

खोली माझी. कायमची!

घड्याळबाईला तिथल्या तिथे काढून टाकलं. तिच्याकडून किल्ली घेतली, कागदावर सही घेतली. मला वाटलं होतं रडेल, हातापाया पडेल, निदान माझ्याकडे रागाने बघेल. काही नाही. पिशवी उचलली आणि गेली. तेवढंही सुख दिलं नाही मला.

एकाच दगडात दोन पक्षी पडले. मला नाचता येत असतं तर टेबलावर नाचले असते.

५ मे

सुतार आला. कडी बसवली. त्याच जुन्या भोकांत, तेच स्क्रू. अर्धा तास अंघोळ केली.

९ मे

नवी मुलगी सकाळी एक तास येते. गोड बोलते. मी बटणं लावत असताना खिडकीबाहेर बघते.

दादाचा फोन आला. आवाज पडलेला होता. म्हणाला, जेवलीस का? मी म्हटलं, जेवले, स्वतः केलं. तो म्हणाला, "बरं केलंस."

१३ मे

जिना झाडणारे काका आज दारात थांबले. म्हणाले, तुमच्या सकाळच्या बाई हल्ली दिसत नाहीत. मी ऐटीत सांगितलं, काढून टाकलं त्यांना, रोज काम सोडून पळून जायच्या.

काका म्हणाले, "पळून कुठे? इथेच बसायच्या की, या वरच्या पायरीवर. बारापर्यंत. किल्ली मुठीत धरून. मला झाडायलासुद्धा देत नसत, म्हणायच्या आवाज करू नका, मी इथे आहे हे आत कळता कामा नये."

हे तिने मीटिंगमध्ये सांगितलं असतं तर तिची नोकरी राहिली असती. आणि मी एकटी राहिले असं धरलंच नसतं कुणी. आज मी दादाच्या मागच्या खोलीत असते.

मॅडमना सांगायला हवं. सकाळपासून फोन हातात आहे. लावत नाही.