काकीचा चोवीस तासांचा कॅन

३ फेब्रु., सोम.
लॅबवाल्याने काकीचा कॅन परत आणून दवाखान्यात माझ्या टेबलावर ठेवला. पाच लिटरच्या कॅनमध्ये तळाला जेमतेम पेलाभर. म्हणतो, "चोवीस तासांची लघवी म्हणजे एवढीच? मांजराची आहे काय?" फॉर्मवर शिक्का, सॅम्पल अपुरं.

काकी आमच्याच बाजूची, कुडाळची. नात्याची नाही, गावाची. इथे भांडुपला टेकडीवर राहते, खाली टॉवरमध्ये चार घरची कामं. पाय सुजतात, लघवीला फेस. डॉ.ना किडनीची शंका, म्हणून ही टेस्ट. पहाटेची पहिली सोडायची, मग दिवसभरातली, रात्रीची, दुसऱ्या दिवशी पहाटेची, सगळी एका कॅनमध्ये.

डॉ. माझ्यावर उखडले. "तुला नीट समजावून सांगायला सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं. संध्याकाळी काकी आली तेव्हा नव्या कॅनवर स्केचपेनने रेघ मारली, दीड लिटरवर. म्हटलं, काकी, हंयसर येवकच व्हया. तिने रेघेला बोट लावून बघितलं.
"एवढां?"
"एवढां."

४ फेब्रु., मंगळ.
११ सॅम्पल. रक्ताच्या नळ्या, जांभळं झाकण ६, करडं ३; लघवी २. इंग्रजी नीट वाचता येत नाही, झाकणांवर चाललंय. जांभळं म्हणजे सीबीसी, करडं म्हणजे शुगर. आठवीत शाळा सोडलेल्याला एवढं पुरतं.

एका मास्तरांनी लघवीची बाटली मिठाईच्या खोक्यात घालून आणली, वर रबर. देताना इकडेतिकडे बघत. मागची बाई म्हणाली, "पेढे कसले हो?" मास्तर लाल. मी खोकं तसंच आत ठेवलं.

साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून दोस्ताचा, सुन्याचा फोन. लेथवर माणूस पाहिजे. "मूत गोळा करत किती दिवस बसणार रे तू?" इथे आठ महिने झाले. एका जागी एवढा कधी टिकलो नाही. बघू म्हटलं.

६ फेब्रु., गुरु.
दवाखाना उघडतोय तोच काकी हजर, कॅन कापडी पिशवीत. रेघेला बरोब्बर. ना वर ना खाली. झकास, म्हटलं. काकीने पिशवीची घडी करून कमरेला खोचली आणि कामावर गेली. लॅबवाल्याला कॅन दाखवला. आता बोल.

८ फेब्रु., शनि.
रिपोर्ट आला. डॉ.नी दोनदा वाचला. "अरे वा. जवळजवळ नॉर्मल आहे." मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून ठेवली होती, ती फाडली. "मीठ कमी करा. झोपताना पाय उशीवर."

काकी बाहेर येऊन म्हणाली, "वाचलंय रे झिला. ॲडमिट केल्यानी असतां तर चारय घरां गेली असती. आठ दिवसांत दुसरी बाई ठेवतत."

पाय मात्र तसेच. चपलेचा पट्टा रुतलेला.

१० फेब्रु., सोम.
काकीने डब्यातून घावणे आणले. पेशंट नव्हता. खुशीत होती. मी सहज विचारलं, या वेळी एवढं कसं जमलं?

"चेडवाची घातलंय."

चेडू म्हणजे तिची मुलगी. बारावीची परीक्षा म्हणून दिवसभर घरातच असते.

"किती?"
"अर्ध्याच्या वर तिचीच."
"काकी, टेस्ट तुझी होती."
"मगे? ती काय परकी असा? एकच रगत ता."

माझ्याकडे असं बघितलं की मीच येडा. वर म्हणाली, "रेघ तूच मारलंस. माझी थंयपर्यंत खंय येता?"

घावणे खाल्ले. चांगले होते.

११ फेब्रु., मंगळ.
डॉ.ना सांगायला दोनदा आत गेलो. एकदा विचारलं फॅन कमी करू का. दुसऱ्यांदा नुसताच उभा राहून आलो. सांगितलं तर पहिला प्रश्न रेघेचा. नाही सांगितलं तर काकी मीठ कमी करून पाय उशीवर ठेवणार, आणि आत जे काय चाललंय ते

पेशंट आला. राहिलं.

१२ फेब्रु., बुध.
दुपारी काकीला दवाखान्यासमोर थांबवली. विचारलं, दिवसभराची जाते कुठे?

चार घरं. सकाळी सात ते चार. "तीन घरांतली बाथरूमां मीच घासतंय. पण जाऊचा नाय. खाली वॉचमनाचो संडास आसा, थंय कॅन घेवन कशी जाव?" म्हणून एखाद वेळ तिथे जाते, ती कॅनमध्ये येत नाही. बाकी वेळ जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. चार वाजेपर्यंत सकाळच्या चहावर.

हे मी आधी विचारायला पाहिजे होतं. डॉ.नीपण. रेघ मारायच्या आधी.

म्हटलं, परत करू. नुसती तुझी.
"आणि खराब इली तर?"
"तर खराब."
"तुझा काय जाता बोलूक. घरां माझी जातली."
"काकी, किडनी गेली तर घरं राहणार काय?"

पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "चेडवाक सांगू नको. तिची परीक्षा असा."

म्हणजे हो.

१४ फेब्रु., शुक्र.
कॅन माझ्या टेबलाखाली. गाळ्यांच्या मागच्या संडासाची चावी आमच्याकडे असते. दुकानदारांपुरतीच आहे, तरी दिली. ठरलं असं की प्रत्येक घर झालं की काकी इथे येणार आणि मी दोन ग्लास पाणी पाजणार.

९.१० आली. पाणी बघून तोंड वाकडं. "सवय नाय. पोटात ढवळता." प्यायली.
११.३० आली. बाजूचा झेरॉक्सवाला म्हणतो, "चावी गावभर वाटतोस काय? कोण ही?" म्हटलं, काकी. "गेल्या आठवड्यात तर पेशंट होती." म्हटलं, दोन्ही आहे.
१.०० नाही आली.
१.४० नाही.
२.१५ ओटीपोट धरून, तरातरा. तिसऱ्या घरी पाहुणे आले होते, चपात्या वाढल्या. "वॉचमनाकडे जावक नाय हां. धरून ठेवलंय." असं सांगितलं जसं काय बक्षीस मिळणार. मी चावी पुढे केली.
४.२० दिवसाची शेवटची. कॅन पिशवीत घालून घरी घेऊन गेली.

डॉ.ना पत्ता नाही. सकाळच्या ओपीडीत गर्दी होती.

१५ फेब्रु., शनि.
पहाटेची घालून कॅन आला. रेघ मारली नव्हती. किती भरला ते बघितलं, पण इथे लिहीत नाही. फॉर्मवर डॉ.चं नाव लिहिलं, शिक्का मारला.

लॅबवाला म्हणाला, "परत? डॉक्टरांनी सांगितलंय?"
"हो."

सरळ खोटं.

सुन्याला कळवलं, या आठवड्यात जमणार नाही. म्हणाला, "तिकडे काय ठेवलंय एवढं?"

१७ फेब्रु., सोम.
वाट लागली. लॅबमधून कोणीतरी थेट डॉ.ना फोन केला, आठ दिवसांत हीच टेस्ट परत कशी? डॉ.नी मला आत घेतलं, दार लावलं.

"कॅन कोणी पाठवला?"
"मी."
"आणि शिक्का?"
"तोपण मीच."

मग सगळं सांगितलं. मुलीचं, वॉचमनच्या संडासाचं, चावीचं. रेघेचं शेवटी. डॉ. ऐकत होते, पेनाचं टोपण काढत-घालत. वाटलं आता जा म्हणणार.

म्हणाले, "मी तिला नॉर्मल आहे म्हणून सांगितलं." माझ्याशी बोलत होते असं वाटलं नाही.

मग म्हणाले, "रिपोर्ट आला की फोडायचा नाही. सरळ माझ्याकडे. तुझं काय करायचं ते नंतर बघतो. पुढचा पेशंट पाठव."

बाहेर येऊन नाव पुकारलं.

१८ फेब्रु., मंगळ.
एक वाजता लिफाफा आला. डॉ. घरी गेलेले, पाचला येतात. फोन करून सांगितलं. "काकीला संध्याकाळी बोलाव," म्हणाले. बोलवायची गरज पडली नाही. दोनला, तिसरं घर आटपून, ती आपणहून आली.

"इलो?"
"इलो."
"फोड."
"डॉ. फोडतले. पाच वाजता ये."

चौथ्या घरी जायची वेळ झालेली. मला वाटलं जाईल. बेंचवर बसली. पाच मिनिटांनी फोन काढला, चौथ्या घरच्या बाईला लावला. त्यांच्याशी ती हिंदीत बोलते.

"दीदी, आज नहीं आएगी मैं। नहीं, गाव नहीं गयी। दवाखाने में है।" मग पलीकडून बराच वेळ काहीतरी. "कल का भी नहीं मालूम। डॉक्टर बोलेगा तब बोलती।"

फोन पिशवीत टाकला. मला म्हणाली, "दुसरी बाई बघतंय म्हणता." मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

आता पाचला दहा कमी. मधल्या वेळात सात सॅम्पल घेतली, नावं टाकली, लॅबवाल्याला दिली. काकी अजून बेंचवर, चपला काढून. डॉ.ची गाडी बाहेर लागली. लिफाफा आणि काकी, दोघांना आत पाठवायचं. मला बोलावलं तर मीपण.